कुत्र्याचा पार्व्हो मांजरीच्या पिल्लांना होतो का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

नाशिकच्या एका वाचक भगिनींनी मुलाच्या हट्टापायी कुत्र्याचं पिल्लू विकत आणलं. विकणाऱ्याने वय आठ आठवडे सांगितलं आणि सहाव्या आठवड्यात लस दिल्याची नोंद असलेलं कार्ड दिलं. घरी आल्यावर पाचव्या दिवशी पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. किटवरची तपासणी पार्व्हो (आतड्यांवर हल्ला करणारा विषाणूजन्य आजार) पॉझिटिव्ह आली. तीन दिवस सलाईन लावूनही ते गेलं. या गोष्टीला आज सहा दिवस झाले. घरात चार वर्षांची एक भाटी (मांजरी) आहे. ती गल्लीतून आलेली असून तिला कधीच लस दिलेली नाही. तिची पाच आठवड्यांची तीन पिल्लं बेडरूममध्ये आहेत. शेजारी म्हणतात, कुत्र्याचा रोग मांजरांना लागत नाही. डॉक्टर म्हणाले, लागू शकतो. मोबाइलवर आलेल्या एका संदेशात लिहिलं होतं की विषाणूची जनुकं बदलली असल्याने आता लशीचा उपयोग नाही. नणंद सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे, म्हणून सासूबाईंचं म्हणणं आहे की तिन्ही पिल्लं निफाडजवळच्या नातेवाइकांच्या शेतावर सोडून यावीत. मुलाला मात्र लगेच दुसरं कुत्रं हवं आहे. बाई विचारतात: “पिल्लं शेतावर सोडू का? लस द्यायची की नाही? दुसरं कुत्रं कधी आणू? मी रोज गल्लीतल्या कुत्र्यांना पोळी घालते, मीच हा रोग घरात आणला का?”

ताई,

पिल्लू गेल्याचं वाचून वाईट वाटलं. आठ दिवसांत जीव जडतो आणि तीन दिवसांत तो डोळ्यांदेखत जातो. पार्व्होने प्राणी गमावलेली घरं हे फार वेळा अनुभवतात. तुम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलंत, सलाईन लावलंत. चांगले उपचार मिळाले तर पार्व्होची बरीच पिल्लं वाचतात, उपचारांविना बहुतेक जातात. तरीही उपचार मिळून काही जात राहतात. ज्यांची वाढ चालू असते, ज्यांच्या आतड्यांच्या आणि अस्थिमज्जेच्या पेशी झपाट्याने विभागत असतात, त्यांच्यावरच हा विषाणू तुटून पडतो, कारण विभागणाऱ्या पेशीखेरीज त्याला स्वतःची वाढ करता येत नाही. आतड्याचं अस्तर झिजतं, त्याच वेळी पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि आतड्यातले जंतू रक्तात उतरतात. एवढ्याशा देहाला हे सगळं एकाच वेळी झेपत नाही.

आता आधी जिवंत असलेल्यांचं बघू, कारण त्यांच्या बाबतीत वेळ महत्त्वाची आहे.

पिल्लं शेतावर सोडू नका. या आठवड्यात नाही आणि पुढच्याही नाही.

या विचारामागे एक समजूत आहे. पिल्लं घराबाहेर गेली की धोका घराबाहेर गेला आणि पिल्लंही सुटली, असं वाटतं. दोन्ही खरं नाही. त्यांना संसर्ग झालेला असेल तर लक्षणं दिसण्याआधीच विष्ठेतून विषाणू बाहेर पडायला लागतो. आज हुंदडणारं पिल्लू उद्या शेतावरच्या मांजरींना आजार देऊ शकतं. संसर्ग झालेला नसेल, तरी आईचं दूध अर्ध्यावर तोडून, लस न देता, अनोळखी जागी सोडलेल्या पाच आठवड्यांच्या पिल्लाचं काय होतं ते शेतावरच्या माणसांना विचारा. कुत्री, घारी आणि थंडी यातून किती पिल्लं वाचतात? त्यात निफाडच्या उसाच्या पट्ट्यात बिबटे वावरतात. बिबट्या मांजर कुळातलाच, आणि मांजरांचा पार्व्हो या कुळातल्या लहानमोठ्या साऱ्यांना होऊ शकतो. कुत्र्याचा पार्व्होसुद्धा परदेशात चित्ते आणि सैबेरियन वाघ यांच्यात सापडला आहे. गावठाणातल्या कुत्र्या-मांजरांचे आजार रानापर्यंत पोहोचतात, आणि त्यात आपल्याकडून भर पडू नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पिल्लं आणि आई एका खोलीत ठेवा, आणि शेवटचा संपर्क आला त्या दिवसापासून किमान चौदा दिवस बारीक लक्ष ठेवा. मांजरांमध्ये संसर्गानंतर साधारण दोन ते दहा दिवसांत लक्षणं दिसतात. खाणंपिणं थांबणं, अंग तापणं, पिल्लू एका कोपऱ्यात गोळा होऊन बसणं, फेसाळ किंवा पिवळसर उलट्या ही मुख्य लक्षणं. एक खूण विशेष ध्यानात ठेवा: पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायचं, पण पाणी प्यायचं नाही. मांजरांमध्ये जुलाब दर वेळी होतातच असं नाही. फार लहान पिल्लं कधीकधी काही न दाखवताच एका रात्रीत जातात. म्हणून ‘जुलाब नाहीत, म्हणजे पार्व्हो नाही’ असं धरून चालू नका. शंका आली की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुत्र्यांसाठीचं पार्व्होचं किट मांजरांच्या विष्ठेवरही बऱ्याचदा चालतं, पण ते निगेटिव्ह आलं म्हणून निश्चिंत होता येत नाही. सोबत रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायला सांगा. त्या एकदम घसरलेल्या असतील तर डॉक्टरांना पुढची दिशा कळते.

शेजारी म्हणतात कुत्र्याचा रोग मांजरांना लागत नाही. ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत. त्यांच्या बोलण्यात एका जुन्या काळाचं सत्य आहे.

मांजरांचा पार्व्हो, म्हणजे पॅनल्युकोपेनिया, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून माहीत आहे. १९२८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की तो जिवाणूंमुळे नव्हे, गाळणीतून पार होणाऱ्या विषाणूमुळे होतो. कुत्र्यांमध्ये मात्र असा आजार तेव्हा नव्हता. मग १९७०च्या दशकात कधीतरी मांजरांच्या विषाणूचा, किंवा त्याच्या अगदी जवळच्या भाऊबंदाचा, एक वंश कुत्र्यांमध्ये शिरला. १९७८ मध्ये जगभरच्या कुत्र्यांत एकाएकी साथ उसळली. एकाही कुत्र्याकडे प्रतिकारशक्ती नव्हती, त्यामुळे पिल्लंच काय, मोठी कुत्रीही पटापट मेली. आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासहून नोंदी आल्या.

हे घडायला लागलेला बदल किती थोडा होता ते बघा. पार्व्होविषाणू फार छोटा, सुमारे पंचवीस नॅनोमीटर व्यासाचा. त्याच्या जनुकसंचात जेमतेम पाच हजारांवर अक्षरं, आणि तीही एकाच पदराच्या डीएनएची. मांजरांचा विषाणू आणि कुत्र्यांचा विषाणू यांची ९८ टक्क्यांहून जास्त अक्षरं सारखी आहेत. बाहेरच्या कवचाच्या व्हीपी-२ नावाच्या प्रथिनात सहा-सात अमिनो आम्लं बदलली, आणि त्यातही ९३ आणि ३२३ या क्रमांकांच्या जागा बदलल्या, तेवढ्याने तो कुत्र्याच्या पेशीत शिरू लागला. पेशी लोह आत घेण्यासाठी आपल्या पृष्ठभागावर ट्रान्सफेरिन रिसेप्टर नावाचं एक प्रथिन ठेवते, त्याच वाटेने हा विषाणू आत जातो. कुत्र्याचं ते प्रथिन मांजराच्या प्रथिनाहून जरा वेगळं असतं, आणि कवचातल्या त्या बदलांनी नेमकी तीच अडचण दूर झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात कॉलिन पॅरिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या एका प्रश्नावर कितीतरी वर्षं काम केलं आहे.

आता शेजाऱ्यांच्या म्हणण्याकडे येऊ. १९७८च्या त्या पहिल्या विषाणूने, ज्याला टाइप-२ म्हणतात, कुत्रा मिळवला पण मांजर गमावलं. तो मांजरांमध्ये वाढत नसे. म्हणजे त्या वेळी कुणी ‘कुत्र्याचा पार्व्हो मांजराला लागत नाही’ असं म्हटलं असतं तर ते बरोबर ठरलं असतं. पण वर्ष-दोन वर्षांत त्याच्या कवचात आणखी चार-पाच बदल होऊन २ए नावाचा प्रकार आला. त्याने जगभर मूळ टाइप-२ला मागे सारलं आणि मांजरांमध्ये वाढण्याची क्षमता परत मिळवली. १९८४च्या सुमाराला २बी आला. २००० मध्ये इटलीत २सी सापडला. या तिघांत ओळखीचा मुख्य फरक व्हीपी-२मधल्या एकाच जागेचा आहे, ४२६व्या. भारतात हे तिन्ही प्रकार सापडले आहेत. तुमच्या पिल्लाला यांपैकी कुठला होता हे किट सांगत नाही. पण आज रस्त्यावर फिरणारा विषाणू टाइप-२ नाही, त्याच्या या वंशजांपैकीच असतो. म्हणजे तुमचे डॉक्टर बरोबर आहेत.

तरीही घाबरून जाऊ नका. पार्व्हो झालेल्या बहुतेक मांजरांमध्ये आजही त्यांचा स्वतःचा जुना विषाणूच सापडतो, आणि कुत्र्याकडून आलेल्यांचं प्रमाण बहुतेक ठिकाणी कमी असतं. पण ते सगळीकडे सारखं नाही. व्हिएतनाम आणि तैवानमध्ये लस न दिलेल्या मांजरांच्या एका अभ्यासात बहुतांश नमुन्यांत कुत्र्यांचाच प्रकार निघाला. ब्रिटनमधल्या मांजरांच्या निवाऱ्यांत तर धडधाकट दिसणाऱ्या मांजरांपैकी जवळजवळ एक तृतीयांशांच्या विष्ठेत कुत्र्याचा पार्व्हो मिळाला. त्या मांजरांना काहीच होत नव्हतं, पण विषाणू त्यांच्यामार्फत बाहेर पडत होता. तुमच्या भाटीने पिल्लाच्या वाटीतलं पाणी प्यायल्याचं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. ती आजारी दिसली नाही तरी तिचा रेतीचा ट्रे रोज साफ करा, आणि ते चौदा दिवस ती बाहेर जाणार नाही असं बघा. उलट दिशेचा धोका फारसा नाही. मांजराचा विषाणू कुत्र्याच्या शरीरात थोडाफार वाढतो, पण आतड्यात वाढत नाही. त्यामुळे तो कुत्र्याच्या विष्ठेतून पसरत नाही.

या विषाणूंची तऱ्हा मला भावकीसारखी वाटते. आडनाव एक, वाटण्या झालेल्या, पण पडवीतून पडवीत जाणं-येणं चालूच. आणि हे नातं आपल्या उपयोगीही पडलेलं आहे. १९७८ मध्ये कुत्र्यांसाठी लसच नव्हती, तेव्हा अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी मांजरांची पॅनल्युकोपेनियाची लस कुत्र्यांना टोचून वेळ मारून नेली. ती अगदी नेमकी नव्हती, पण तिने काही संरक्षण दिलं, कारण दोन विषाणूंची कवचं इतकी सारखी आहेत. पुढे कॉर्नेलच्याच लेलँड कार्मायकेल आणि मॅक्स अपेल यांनी कुत्र्याच्या विषाणूपासून लस तयार केली.

हे लक्षात घेतलं की मोबाइलवरच्या त्या संदेशाचं उत्तर मिळतं. विषाणू बदलतो हे खरं. डीएनएचा विषाणू असूनही कुत्र्याचा पार्व्हो जवळजवळ फ्लूसारख्या आरएनए विषाणूंच्या वेगाने बदलत असतो, आणि आशियात २सीची स्वतःची एक शाखा पसरलेली आहे. पण ‘बदलला’ आणि ‘लशीच्या हातून निसटला’ या दोन गोष्टींमध्ये बरंच अंतर आहे. कुत्र्यांच्या प्रचलित लशी मुख्यतः मूळ टाइप-२ किंवा २बीपासून बनवलेल्या असतात. त्या दिलेल्या कुत्र्यांना प्रयोगात मुद्दाम २सीचा संसर्ग केला, तेव्हाही ती आजारातून वाचली. कवचावरच्या एका-दोन जागा बदलल्या तरी शरीर ओळखतं अशा बाकीच्या जागा पुष्कळ उरतात. मांजरांची लस त्यांच्या स्वतःच्या विषाणूची असते, आणि तो विषाणू तर इतक्या दशकांत फारसा बदललेलाच नाही. कुत्र्यांच्या प्रकारांविरुद्धही ती लस मांजरांना बरंच संरक्षण देते असं प्रयोगांतून दिसलं आहे. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही ही लस प्रत्येक कुत्र्याला आणि प्रत्येक मांजराला दिलीच पाहिजे अशा लशींत मोडते.

मग लस देऊनही तुमचं पिल्लू का गेलं? तुमच्या पत्रातला सगळ्यात कळीचा प्रश्न मला हाच वाटला, आणि तुम्ही तो सरळ विचारलेला नाही. ‘लस दिली होती, तरी गेलं, म्हणजे लस कुचकामी’ असं तुमच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं आहे.

आईच्या पहिल्या चिकातून पिल्लाला तयार प्रतिपिंडं मिळतात. पहिले काही आठवडे तीच त्याला सांभाळतात. पण लशीतला सौम्य केलेला विषाणू टोचला की हीच प्रतिपिंडं त्यालाही निकामी करतात, आणि पिल्लाचं शरीर काही शिकतच नाही. पुढे ती ओसरत जातात. ओसरताना मध्ये एक काळ असा येतो की उरलेली प्रतिपिंडं बाहेरच्या तगड्या विषाणूला अडवायला अपुरी असतात, पण लशीला बाद करायला पुरेशी. हा काळ प्रत्येक पिल्लात वेगळा, एकाच विणीतल्या भावंडांतही वेगळा. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं किंवा त्याहून मोठं होईपर्यंत लस पुन्हा पुन्हा देतात. तो शेवटचा डोस सगळ्यात मोलाचा. एका डोसाच्या कार्डाला संरक्षण समजणं ही विकणाऱ्यांनी पसरवलेली सवय आहे, आणि तिने फार पिल्लं घेतली आहेत. तुमच्या पिल्लाचं लसीकरण अपयशी ठरलं असं मी म्हणणार नाही. ते पूर्ण व्हायलाच वेळ मिळाला नाही.

याच हिशेबाने पोळीचाही प्रश्न सुटतो. कुत्र्यांमध्ये संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सहसा तीन ते सात दिवस जातात, कधी चौदापर्यंत. तुमचं पिल्लू पाचव्या दिवशी आजारी पडलं. म्हणजे बहुधा ते विषाणू बरोबर घेऊनच तुमच्या दारात आलं. चपलांना लागून काही आलंच नसेल असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही, पण दोष शोधायचाच असेल तर आधी ते जिथून आणलं तिथली बाकीची पिल्लं कशी आहेत हे विचारा. आणि विचाराच, कारण त्याची भावंडं इतर घरांत गेली असतील आणि त्या घरांना सावध करता येईल. गल्लीतल्या कुत्र्यांना पोळी घालणं थांबवू नका. त्या कुत्र्यांना पालिकेच्या निर्बीजीकरणात साधारणपणे रेबीजची लस मिळते, पार्व्होची नाही. तुमच्यासारखे पोळी घालणारे चार जण मिळून गल्लीतल्या लहान पिल्लांना पार्व्होची लस टोचून घेऊ शकलात, तर ते सगळ्या गल्लीच्याच फायद्याचं होईल. घरात येताना चप्पल मात्र दारातच काढा.

मांजरीच्या पिल्लांची लस आता ठरवा. आई गल्लीतली आहे, म्हणजे तिने कधीतरी हा विषाणू पचवलेला असण्याची शक्यता बरीच, आणि तसं असेल तर पिल्लांकडे सध्या तिची प्रतिपिंडं असतील. आज ती ठणठणीत दिसतात त्याचं हे कारण असू शकतं. पण तुमच्या घरात विषाणू आहे आणि ही प्रतिपिंडं येत्या आठवड्यांत उतरणार आहेत. म्हणजे खरी जोखीम पुढे आहे. घरात पार्व्हो झालेला आहे असं स्पष्ट सांगून डॉक्टरांना विचारा, सहाव्या आठवड्याची वाट बघायची की आत्ताच सुरुवात करायची. फार जोखमीच्या ठिकाणी, उदाहरणार्थ निवाऱ्यांत, चार आठवड्यांपासूनही देतात. त्याआधी जिवंत (म्हणजे सौम्य केलेल्या विषाणूची) लस देत नाहीत, कारण इतक्या कोवळ्या वयात लहान मेंदूची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाची, वाढ चालू असते आणि हा विषाणू नेमकी तीच बिघडवू शकतो. पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत, आणि जोखीम पाहता विसाव्या आठवड्यापर्यंतही. मग सहा महिन्यांच्या सुमाराला आणखी एक. रेबीजची लस वेगळी, ती विसरू नका.

आईलाही लस हवी, पण एक गोष्ट आधी तपासून घ्या. मांजर पिल्लांना पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. ती बाहेर जात असेल तर डॉक्टरांना हे सांगाच, कारण गाभण मांजरीला जिवंत लस टाळतात. पोटातल्या पिल्लांच्या लहान मेंदूला तीच इजा होऊ शकते. पिल्लांचं दूध तुटलं की तिचं निर्बीजीकरण करून घ्या.

आता सासूबाई आणि नणंदेबद्दल. त्यांची काळजी खोटी नाही, तिला उत्तर द्यायला हवं. कुत्र्या-मांजरांचा पार्व्हो माणसांना होत नाही. गोंधळ होतो तो नावामुळे. माणसांचा एक वेगळा पार्व्होविषाणू आहे, बी-१९. तो १९७५ मध्ये लंडनमध्ये सापडला. त्याने लहान मुलांचे गाल लाल होतात, आणि गरोदरपणात झाला तर पोटातल्या बाळाला तो त्रासदायक ठरू शकतो. पण तो माणसाकडून माणसाला होतो, आणि त्या कुळात त्याची शाखाच निराळी आहे. नणंदेने नेटवर ‘पार्व्हो आणि गरोदरपण’ असं शोधलं तर तिला बी-१९ची माहिती दिसेल आणि ती घाबरेल, म्हणून तुम्हीच तिला आधी सांगून ठेवा. मांजरांच्या बाबतीत गरोदर बाईने जपायचं ते टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीपासून. त्याला उपाय सोपा: रेतीचा ट्रे तिने साफ करायचा नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रोज साफ करायचा, आणि तिने कच्चं मांस हाताळल्यावर किंवा बागेतल्या मातीत काम केल्यावर हात धुवायचे. सासूबाईंना तुमच्या बोलण्यापेक्षा तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा शब्द पटत असेल, तर त्यांच्याकडून हेच ऐकवा.

घर धुण्याबद्दल जरा तपशिलात सांगतो, कारण इथे बहुतेक जण मेहनत करतात आणि ती वाया जाते. पार्व्होला बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं, म्हणून साबण, सॅनिटायझर, डेटॉल, फिनेल यांचा त्याच्यावर भरवसा धरता येत नाही. घराच्या आत, ऊन नसलेल्या जागी, तो महिनोन् महिने, वर्षभरसुद्धा टिकतो. तुम्ही रोज दोनदा फिनेलने पुसता असं लिहिलं आहे. ते आजच थांबवा. फिनेलचा मांजरांना अपाय होतो. त्यांच्या यकृताला तसली रसायनं नीट पचवता येत नाहीत, आणि पंजे चाटताना ती पोटात जातात.

चालतं ते ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पण आधी साबणाच्या पाण्याने जागा घासून स्वच्छ करायची, कारण मळ असला की ब्लीच त्यातच खर्ची पडतं. मग साधारण पाच टक्क्यांचं ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, असं ताजं द्रावण करून फरशी दहा मिनिटं ओली राहील असं लावायचं, आणि नंतर साध्या पाण्याने पुसून सुकू द्यायचं. बाटलीवरचा टक्का बघा, तो कमी असेल तर पाणी कमी घाला. ब्लीचमध्ये फिनेल, अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. मांजरी त्या वेळी दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या. पिल्लाचं अंथरूण, मऊ खेळणी, पट्टा टाकून द्या. स्टीलच्या वाट्या याच द्रावणात बुडवून धुऊन ठेवा. बाहेरचं पायपुसणं आणि चपलांचे तळ विसरू नका. अंगणातल्या मातीला ब्लीचचा उपयोग नाही, तिथे ऊन आणि काळ हेच काम करतात. मांजरींना हाताळायच्या आधी हात साबणाने चोळून धुवा. साबणाने विषाणू मरत नसला तरी पाण्याबरोबर वाहून जातो.

दुसरं कुत्रं. मुलाचं मन समजतं, आणि ‘लगेच नवीन आणलं की दुःख हलकं होईल’ असं तुम्हालाही वाटत असावं असं पत्रावरून दिसतं. पण याच घरात लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू आणलं आणि तेही गेलं, तर मुलाला ते कसं पेलणार? माझं मत स्पष्ट आहे. वर्षभर तरी या घरात लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू नको. त्याऐवजी दोन मार्ग आहेत. चार-पाच महिन्यांचं, सोळा आठवड्यांनंतरचा डोस घेऊन दोनेक आठवडे झालेलं पिल्लू आणता येईल. किंवा, मला जास्त आवडेल ते म्हणजे, एखादं मोठं, लस झालेलं गावठी कुत्रं दत्तक घ्या. नाशिकमध्ये प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे अशी कुत्री घराची वाट बघत असतात. तेही मांजरांची लस मार्गी लागल्यावरच.

तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंत की विषाणूचा नेमका प्रकार कोणता होता हे शोधावं का. घरापुरतं विचाराल तर गरज नाही. २ए असो की २सी, उपचार, लस आणि ब्लीच तेच. मात्र जतन केलेला नमुना डॉक्टरांकडे असेल आणि एखाद्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने, परळ, शिरवळ किंवा परभणीच्या, अभ्यासासाठी मागितला, तर जरूर द्या. आपल्या भागात कुठले प्रकार फिरताहेत, मांजरांपर्यंत किती पोहोचताहेत, हे अशा नमुन्यांमधूनच कळतं. या कुळात अलीकडे नवे सदस्यही सापडत आहेत. बोकाव्हायरस, बुफाव्हायरस, आणि कॅनडातल्या निवाऱ्यांत जुलाब-उलट्या झालेल्या मांजरांत मिळालेला चाफामापार्व्होविषाणू ही त्यांची नावं. त्यांचा आजाराशी नेमका संबंध किती, याचा अभ्यास चालू आहे. आपल्या लशी यांच्यासाठी नाहीत. तुमच्या पिल्लाला मारणारा मात्र तो जुना, ओळखीचा विषाणूच होता, आणि त्याच्यावर लस आहे.

मुलाला या सगळ्यात एक काम द्या. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टोपली ठेवून रोज एकाच वेळी तिन्ही पिल्लांचं वजन करायचं आणि वहीत लिहायचं. या वयात रोज साधारण दहा ग्रॅम, कधी जास्तही वाढ दिसायला हवी. पिल्लू सुस्त होण्याच्या आधी बऱ्याचदा वजन थांबतं. एका दिवशी वाढ दिसली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा बघा. सलग दोन दिवस आकडा तिथेच राहिला, किंवा एकाच दिवसात घटला, तर लक्षणांची वाट न बघता ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात शिरण्याआधी मात्र फोन करून सांगा की घरात पार्व्हो झाला होता, म्हणजे ते तुम्हाला इतर प्राण्यांपासून बाजूला बसवतील.